रविवारचा बांगडा

रत्नागिरीकडे बहुतेक घरांत रविवार उजाडतो तो मासळीच्या पिशवीने. सकाळीच बांगडे येतात. मग चहा, पेपर, मुलांची किनाऱ्यावर चक्कर. पिशवी मोरीत तशीच! दुपारचे कालवण झकास होते, पण तासाभरात एखाद्याचे तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात. ‘बांगडा बाधला’ म्हणून तो बिचारा जन्मभर वर्ज्य होतो.

दर वेळी ही ॲलर्जीच असते असे नाही. बांगडा, कुपा, तारली उबेत राहिली की जिवाणू तिच्यात हिस्टामिन तयार करतात. ते कितीही उकळले तरी नष्ट होत नाही. तिरफळ-कोकमाचाही इलाज चालत नाही. म्हणून मासळी येताच साफ करून बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवावी, चहा मागाहून घ्यावा. त्रास झाल्यावर धाप लागली किंवा ओठ सुजले, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता ताबडतोब दवाखाना गाठावा.