बदल कोणी केला?

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा मूळ अंदाज 372 कोटींचा. 1988 मध्ये पायाभरणी झाली आणि सुधारित अंदाजपत्रकं हजारो कोटींवर गेली. अशा कागदात कोणता आकडा कोणी, कधी, का बदलला, ही नोंदच मोलाची.

संगणकावर अशी नोंद ठेवण्याचं काम लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये तयार केलेलं 'गिट' हे सॉफ्टवेअर करतं. मात्र बदल करणाऱ्याचं नाव-ईमेल ते पडताळून पाहत नाही. सेटिंगमध्ये लिहाल तेच नोंदीवर उमटतं. सेटिंगचे मुख्य थर तीन: सिस्टिम (पूर्ण संगणकासाठी), ग्लोबल (एका वापरकर्त्यासाठी), लोकल (एका प्रकल्पासाठी). तिन्हींत वेगवेगळं असेल तर लोकलचं चालतं. म्हणून ऑफिसचा ईमेल ऑफिसच्या प्रकल्पाच्या लोकल सेटिंगमध्ये टाका. सेटिंग मागाहून बदलली तरी जुन्या नोंदी तशाच राहतात. तेव्हा पहिल्या नोंदीआधीच 'git config --list' ही आज्ञा चालवून खात्री करा.