घरातले न बोलावलेले पाहुणे

तुमच्या घरात किती जण राहतात? कोणी सांगेल पाच, कोणी सांगेल सात. पण हा हिशेब पुरा नाही. तांदळाच्या डब्यात राहणारे मोजले का? खाटेच्या फटीत राहणारे? दाराच्या चौकटीत राहणारे?

हे न बोलावलेले पाहुणे आहेत. ते काम करीत नाहीत. पण खातात मात्र आपल्या आधी. कोणी धान्य खातो, कोणी लाकूड खातो, कोणी रक्त पितो. कोणी काहीच नेत नाही, पण आजार आणून ठेवतो.

सानगडीला जुना किल्ला आहे. किल्ल्याची भिंत कितीही जाड असो, एक दार उघडं राहिलं की शत्रू आत शिरतो. घराचंही तसंच आहे. किडा कोणता, तो कोणत्या वाटेने येतो, हे आधी ओळखावं लागतं. मग उपाय सापडतो. न ओळखता नुसतं औषध मारलं, तर पैसा जातो आणि किडा राहतो.

चला, घरातून एक फेरी मारू. कोठीपासून सुरुवात करू.

कोठीतला सोंड्या

मूठभर तांदूळ ताटात पसरा. थोडा वेळ उन्हात ठेवा. काळपट तपकिरी किडे चालू लागतील. त्यांची लांबी तांदळाच्या निम्म्या दाण्याएवढी. तोंडाला हत्तीसारखी सोंड. हा सोंड्या किडा. कोणी याला टोका म्हणतात, कोणी पोरकिडा.

सोंड्याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते. त्यात एक अंडं घालते. मग भोक चिकट रसाने बंद करते. वरून दाणा चांगलाच दिसतो. आत मात्र अळी दाणा पोखरत असते. दमट, उबदार हवेत सुमारे महिन्याभरात अळीचा किडा होतो आणि दाणा फोडून बाहेर पडतो. मागे राहतं टरफल आणि भुसा.

एक मादी जन्मभरात 300 अंडी घालू शकते. त्यातल्या निम्म्या माद्या निघाल्या, तर पुढच्या पिढीत 150 माद्या. त्यांची अंडी किती? 150 गुणिले 300, म्हणजे 45,000. सगळी जगत नाहीत, हे आपलं नशीब. पण डब्यात दोन किडे दिसले तर ‘दोनच आहेत’ म्हणून सोडू नका. दाण्याच्या आत किती आहेत, ते डोळ्यांना दिसत नाही.

धानावरचा पतंग

आपल्या भागात घरोघरी धान साठवतात. धानाला टरफल असतं. ते अखंड असेल तर सोंड्याला आत शिरणं अवघड जातं. म्हणून आपले वाडवडील धान साठवायचे आणि लागेल तसं कांडायचे. त्यामागे हे शहाणपण होतं.

पण धानाचा दुसरा एक शत्रू आहे. कणगीचं झाकण काढलं की गवताच्या रंगाचे लहान पतंग उडतात. पतंग स्वतः दाणा खात नाही. त्याची अळी खाते. ती टरफलाच्या फटीतून आत जाते आणि आतला तांदूळ फस्त करते. दाण्यावर बारीक गोल भोक दिसलं, तर समजा की पतंग उडून गेला.

हा पतंग शेतातच उभ्या पिकावर अंडी घालतो. म्हणजे चोर आपणच गाडीत बसवून घरी आणतो! कणगीत तो वरच्या थरातच राहतो, खोल जात नाही. म्हणून पाहणी करताना वरचा हातभर थर आधी बघा.

सगळ्यांत मोठं नुकसान बियाण्याचं. खायचं धान किडलं तर चार दिवस उसने दाणे आणता येतात. बियाणं किडलं तर पऱ्हे टाकायच्या वेळी हात रिकामे. पोखरलेला दाणा उगवला तरी रोप अशक्त येतं. म्हणजे कणगीतला किडा पुढच्या वर्षाचं पीकही खातो.

डाळी आणि पीठ

धुऱ्यावरची तूर, शेतातला मूग, उडीद, लाखोरी. यांच्या दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात का? नीट पाहा. ते ठिपके म्हणजे भुंगेऱ्याची अंडी. अळी तिथूनच दाण्यात शिरते. पुढे दाण्याला गोल खिडकी पडते आणि भुंगेरा बाहेर येतो. अशा दाण्याची चव जाते आणि तो बी म्हणून कामाचा राहत नाही.

यावर साधे उपाय आहेत. खायच्या कडधान्याला खाण्याचं तेल चोळा. एका किलोला एक लहान चमचा पुरतो. तेलाने अंडी मरतात. बियाण्याच्या कडधान्यात चाळलेली, थंड, कोरडी राख मिसळा. किंवा भरलेल्या मडक्यात वरून चार बोटं कोरड्या वाळूचा थर द्या. वाळूतून भुंगेऱ्याला वर येता येत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. भुंगेरा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो. भरडून केलेली डाळ जास्त टिकते.

पिठात चपटे, तांबडे, बारीक किडे होतात. ते पिठाला उग्र वास आणतात. किडे चाळून काढले तरी वास राहतो. म्हणून पीठ थोडं थोडंच दळून आणा.

धान्य कसं ठेवावं

किड्याला ओल आवडते. धान्य खडखडीत वाळवा. दाणा दाताखाली घ्या. कट् असा आवाज करून तुटला तर वाळला. दबला तर अजून ओला आहे. वाळल्यावर ते थंड होऊ द्या, मगच भरा. गरम धान्य भरलं तर आत घाम सुटतो.

कणगी भरण्याआधी झाडा. फटी शेणामातीने लिंपून वाळवा. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात टाका. जुन्या धान्यावर नवं धान्य ओतू नका. पोती भुईवर न ठेवता फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर. चाळून काढलेले किडे अंगणात टाकू नका, ते परत येतील. कोंबड्यांना घाला.

आता एक गोष्ट कान देऊन ऐका. धान्यात ठेवण्याच्या विषारी गोळ्या मिळतात. हवेतली ओल लागली की त्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. बंद घरात तो पसरला आणि झोपेतच माणसं दगावली, असं अनेक ठिकाणी झालं आहे. या गोळ्या शिकलेल्या जाणकारानेच, राहत्या घरापासून दूर वापरायच्या असतात. झोपायच्या घरातल्या धान्यात त्या कधीही ठेवू नका. शेतात फवारायचं औषधही घरच्या धान्याला लावू नका. पोतंभर धान्य वाचवायला जायचं आणि घरचं माणूस गमवायचं, हा कसला सौदा?

भिंतीतली वाळवी

आता वर पाहा. भिंतीवर, खांबावर मातीची रेघ चढलेली दिसते का? ती वाळवीची वाट आहे. वाळवीला ऊन आणि कोरडी हवा सोसत नाही. म्हणून ती मातीचा बोगदा करून चालते. तिची राणी जमिनीत खोल राहते आणि वर्षानुवर्षं अंडी घालते.

वाळवी लाकूड आतून खाते. वरून चौकट शाबूत दिसते. बोटाने ठोकली तर पोकळ वाजते. सातबाराचा उतारा, मुलांची पुस्तकं, घोंगडी, काहीच ती सोडत नाही. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे येतात आणि पंख गाळतात. ती वाळवीच असते, नवं घर शोधायला निघालेली.

मातीची वाट दिसली की मोडा. चार दिवसांनी पुन्हा पाहा. सरपण भिंतीला टेकवून रचू नका. लाकडी खांबाखाली दगड ठेवा. कागदपत्रं पत्र्याच्या पेटीत, भुईपासून उंच ठेवा. पेटीत चंदेरी, मासोळीसारखा सळसळणारा किडा दिसला तर ती कसर. ती खळ आणि कागद खाते. कपडे आणि कागद अधूनमधून उन्हात घातले की ती राहत नाही.

खाटेतला ढेकूण

अंगावर ओळीने गांधी उठतात? चादरीवर काळे डाग दिसतात? मग खाटेचे सांधे पाहा. चपटा, तांबूस ढेकूण तिथे लपलेला असतो. ढेकूण आजार पसरवतो असं दिसून आलेलं नाही. पण तो झोप खातो. रात्री झोप नाही, तर दिवसा काम नाही. तो काही महिने उपाशी राहू शकतो. म्हणून खाट नुसती रिकामी ठेवून भागत नाही. सांध्यांत उकळतं पाणी ओता. अंथरुणं उकळून कडक उन्हात वाळवा. हे दर आठवड्याला, ढेकूण संपेपर्यंत करा.

चुलीजवळचे दोघे

झुरळ रात्री निघतं. चहापुडीसारखी त्याची लेंडी फडताळात दिसते. ते मोरीतून, संडासातून येतं आणि त्याच पायांनी भाकरीवर चढतं.

माशीची रीतही तीच. तिला दात नाहीत. ती अन्नावर लाळ टाकते, ते विरघळवते आणि शोषून घेते. आधी घाणीवर, मग पोराच्या ताटात. अशाने हगवण, कॉलरा, विषमज्वर घरात येतात. उन्हाळ्यात माशीच्या अंड्यापासून माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. ती वाढते शेणात आणि उकिरड्यात. मग माशा स्वयंपाकघरात मारून काय होणार? उकिरडा घरापासून दूर न्या आणि मातीने झाका. संडास वापरा. अन्न झाका. रात्री खरकटी भांडी ठेवू नका.

दारामागचा डास

आपल्या भागात तलाव पुष्कळ, धानाच्या बांध्या पुष्कळ. पाणी आहे म्हणून पीक आहे. पण पाणी साचलं तिथे डासही आहे. चावते ती मादी. डासाच्या तीन जाती ओळखा.

पहिली जात बसताना मागचा भाग वर करून तिरकी बसते. ती हिवताप पसरवते. डासामुळे हिवताप होतो, याचा धागा रोनाल्ड रॉस यांना 1897 साली सिकंदराबादला सापडला. दुसरी जात गटाराच्या घाण पाण्यात वाढते. तिच्यामुळे हत्तीरोग होतो. तो भंडारा जिल्ह्यात आढळतो. एकदा सुजलेला पाय सहसा पहिल्यासारखा होत नाही. म्हणून आरोग्य खात्याची मोहीम आली की गोळ्या त्यांच्यासमोरच घ्या. लहान बाळ, गरोदर बाई किंवा फार आजारी माणूस असेल तर त्यांना आधी तसं सांगा. तिसऱ्या जातीच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. ती दिवसा चावते. रांजण, टायर, फुटकं मडकं, अशा स्वच्छ पाण्यात वाढते. ती डेंग्यू आणते.

आपल्या देशात 1953 साली घरोघरी डीडीटी फवारणं सुरू झालं. हिवतापाचे रोगी कोट्यवधी होते, ते 1965 च्या सुमारास लाखभरावर आले. सगळ्यांना वाटलं, लढाई जिंकली. पण कामात ढिलाई आली. डासही औषधाला दाद देईनासे झाले. 1976 साली रोग्यांचा आकडा 64 लाखांवर गेला. यातून धडा काय? औषध मदत करतं, पण साचलेलं पाणी आपल्यालाच काढावं लागतं.

अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी सगळी भांडी रिकामी करा, घासा आणि वाळवा. घासणं विसरू नका. पट्टेवाल्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. रात्री मच्छरदाणी लावा. ताप आला तर रक्त तपासून घ्या.

सगळेच शत्रू नाहीत

भिंतीवरची पाल डास आणि पतंग खाते. कोळी माशा धरतो. रानात वाळवी पाचोळ्याची माती करते. किडा म्हणून दिसला की मारायचा, असं नाही. जो आपलं धान्य, झोप किंवा आरोग्य नेतो, त्याचीच वाट बंद करायची.

ओल, फट, खरकटं आणि साचलेलं पाणी. पाहुणे येतात ते या चार वाटांनी. या वाटा बंद करायला पैसा फार लागत नाही, नजर लागते. थेंबे थेंबे तळे साचे, तसा दाण्या दाण्याने कणगी रिकामी होते. ती रिकामी होण्याआधी पाहा.

सांगा पाहू

1. धानाच्या दाण्यावर गोल भोक दिसलं, तर काय समजावं?
2. मुगावरचे पांढरे ठिपके कशाचे?
3. तुमच्या घरात मातीची रेघ कुठे दिसते का?
4. भांडी वाळवायचा तुमचा दिवस कोणता?