चिंचपोकळीला उतरा, राजधानी बघा

राजवाडा बघायचा तर कोल्हापूर, गादी बघायची तर सातारा, तख्त बघायचं तर रायगड. चिंचपोकळीला स्लो लोकलमधून उतरून राजेशाही बघायला कुणी येत नाही. फार तर भाद्रपदात येतात, लालबागच्या आणि गणेशगल्लीच्या राजांच्या रांगेत उभं राहायला. पण स्टेशनातून पूर्वेला डॉ. आंबेडकर रोडवर आलात की डावीकडे आणि उजवीकडे, दोन्हीकडे चालत जाण्याच्या अंतरात, किमान दीड हजार वर्षांची राजसत्ता विखुरलेली आहे. फक्त ती तिच्या मूळ जागी नाही.

आधी उजवीकडे, राणीबागेकडे. इथे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक भलामोठा दगडी हत्ती उभा आहे. जवळ गेलात की अंगावरच्या सांध्यांच्या रेघा दिसतात, कारण हा हत्ती एकदा पुरता फुटलेला आहे. मूळचा तो घारापुरीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला लागले, तेव्हा समोर हाच दिसला आणि त्यांनी अख्ख्या बेटालाच एलेफंटा म्हणायला सुरुवात केली. त्या बाजूच्या गावाचं नाव आजही राजबंदर आहे, हे विसरू नका. १८१४ साली त्याची मान गळून पडली. १८६४ मध्ये साहेबाला तो इंग्लंडला न्यायची हुक्की आली. उचलताना क्रेनने दगा दिला आणि उरलासुरला हत्तीही कोसळला. तुकडे राणीबागेत आणून टाकले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. म्हणजे क्रेन मोडली म्हणून तो आपल्याकडे राहिला! आज लोक गेटवेवरून लाँच पकडून एलेफंटाला जातात आणि ज्याच्यामुळे बेटाला ते नाव मिळालं तो इथे, बसच्या हॉर्नच्या टप्प्यात उभा असतो.

हत्ती होता म्हणजे राजाही असणारच. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने कोकणच्या मौर्यांना नमवल्याचं आणि त्यांच्या पुरी नावाच्या नगरीवर आरमारानिशी चालून गेल्याचं वर्णन आहे. ही पुरी म्हणजे घारापुरीच, असं काही अभ्यासक मानतात. काही जण ती कोकणात दुसरीकडे दाखवतात. वाद मिटलेला नाही. जुने लेख वाचण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, त्या भाऊ दाजींच्या नावाच्या संग्रहालयाबाहेर हा हत्ती असावा, हे मात्र छान जुळून आलं आहे.

याच आवारात पदच्युत राजघराणंही नांदतं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ पासून फोर्टात दिमाखात बसला होता. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी त्याला डांबर फासलं आणि जोड्यांची माळ घातली. डांबर काही केल्या निघेना. शेवटी रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी ते काढून दाखवलं. फोर्टातल्या ‘काळ्या घोड्या’वर बसलेला तिचा मुलगा, पुढचा सातवा एडवर्ड, हाही १९६५ मध्ये राणीबागेत आला. स्वतंत्र देशात चौकाचौकांत परकी राजे नकोत आणि वितळवायचेही नाहीत, तर ठेवायचे कुठे? महापालिकेला स्वतःची बाग सापडली. माझ्या मते हा मुंबईचा सर्वांत शहाणा निर्णय होता. फोर्टात २०१७ मध्ये नवा काळा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर स्वार नाही.

आता उलट दिशेने, लालबाग मागे टाकून परळला. तिथली हाफकिन संस्थेची इमारत मुळात पोर्तुगीज पाद्र्यांची. नंतर ती इंग्रज गव्हर्नरांचा बंगला झाली. १८७५ मध्ये तो घोड्यावरचा एडवर्ड, युवराज असताना, इथेच उतरला होता. पुढे गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी पटकीने इथे वारली आणि साहेब मलबार हिलला निघून गेला. प्लेग आला. १८९९ मध्ये वॉल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा या वाड्यात आली आणि जिथे नाच-मेजवान्या झाल्या तिथे प्लेगची लस तयार होऊ लागली.

आणि आता मुख्य ठेवा. १९३१ मध्ये परळ-शिवडी भागात रस्त्याचं काम चाललं असताना जमिनीतून एक प्रचंड शिळा निघाली. उंची साडेतीन मीटरच्या आसपास, एकाच दगडात सात शिव. खाली मधोमध एक उभा. त्याच्या देहातून दोन बाजूंना दोन तिरपे झेपावलेले, डोक्यावर दुसरा, त्याच्याही दोन बाजूंना दोन आणि सर्वांच्या वर अनेक हातांचा एक. पायाशी वाद्यं घेतलेले गण. खालून वर नजर नेलीत की मूर्ती आपल्या डोळ्यांदेखत वाढते आहे असं वाटतं. अभ्यासक तिचा काळ पाचवं-सहावं शतक मानतात, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या आगेमागेचा. ती आज परळच्या बारादेवी भागातल्या देवळात आहे आणि तिची प्रतिकृती फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात.

या शिळेचा खालचा भाग नीट घडवून पुरा झालेला नाही. एवढी शिळा कोरायला लावणारा राजा कोण आणि हात मध्येच का थांबला? आरमार चालून आलं, की खजिना आटला? बंदरापलीकडे पाहिलं तर घारापुरीच्या लेण्यांमध्ये तीच घडण दिसते. त्यामुळे परळच्या या टेकाडावर आणि घारापुरीच्या डोंगरात एकाच घराण्याचे पाथरवट काम करत होते की काय, हा प्रश्न इथून निघताना डोक्यात राहतोच. जाणार असाल तर बुधवार टाळा. त्या दिवशी राणीबाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.