पेटीवरचे वॉट आणि तारप्याचा सूर

तलासरीजवळच्या एका पाड्यावरचा माझा विद्यार्थी दिवाळीनंतर ब्लूटूथची एक पेटी घेऊन प्रयोगशाळेत आला. भातकापणीच्या मजुरीतून घेतलेली. खोक्यावर ठळक छापले होते : ‘१००० वॉट’.

“पण सर, हिच्यावर तारपा लावला की पिपाणीसारखा वाजतो!”

विद्यार्थी मित्रहो, या तक्रारीत बरेच पदार्थविज्ञान दडलेले आहे.

आधी आकडा तपासू. पेटीतला विद्युतघट ३.७ व्होल्टचा, २००० मिलिअँपिअर-तासांचा. गुणाकार केला की ऊर्जा मिळते ७.४ वॉट-तास. पेटी खरोखर १००० वॉट शक्ती घेत असती, तर घट अर्ध्या मिनिटातच रिकामा झाला असता! ती तर पाच तास वाजते. म्हणजे सरासरी खर्च जेमतेम दीड वॉट. ‘पीएमपीओ’ नावाने छापलेल्या अशा मोठ्या आकड्यांना ठरलेले प्रमाण नसते. विचारावेत ते ‘आरएमएस’ वॉट, म्हणजे सतत देता येणारी शक्ती. त्यातही लक्षात ठेवा : शक्ती दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबेलनेच वाढतो, कानाला तो दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते.

मग तारप्याची पिपाणी का झाली? वादक भोपळ्यात हवा फुंकतो, तिने नळ्यांतील जिभल्या थरथरतात आणि टोकाचा ताडपानांचा कर्णा ती कंपने बाहेरच्या हवेत पोचवतो. पेटीत हे काम चार सेंटीमीटरच्या पडद्याकडे असते. कंपनसंख्या निम्मी झाली की तेवढाच आवाज काढण्यासाठी पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. छोट्या पडद्याला ते झेपत नाही. खालचे सूर गळतात, वरचे उरतात.

म्हणून डहाणूच्या बाजारात पेटी घ्यायला जाल, तेव्हा प्रत्यक्ष ऐकलेल्या तारप्याचे ध्वनिमुद्रण मोबाइलमध्ये घेऊन जा. दुकानदार लावील ते गाणे मुळात कसे होते, हे आपल्याला ठाऊक नसते. तारपा मात्र ओळखीचा असतो. दोन पेट्या सारख्याच आवाजात ऐका, कारण मोठ्याने वाजणारी पेटी कानाला उगाच सरस वाटते. मग आवाज वाढवत न्या. सूर फाटू लागला, तर तिथेच तिची मर्यादा समजा.

मर्यादा कानांनाही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकणे सुरक्षित; ९० डेसिबेलचा मात्र फक्त ४ तास.

विद्यार्थ्याची पेटी परत होण्यासारखी नव्हती. आम्ही ती टेबलावरून उचलून खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीवर ठेवली. दोन भिंती आणि जमीन यांमुळे आवाज सगळीकडे न पसरता एका बाजूलाच वळतो आणि खालच्या सुरांना बळ मिळते.

“आता जरा भरल्यासारखा वाटतो,” तो म्हणाला. तुम्हीही करून पाहा. याला एक पैसाही लागत नाही.