चित्रांतल्या मुलांचे कपडे

प्रवरेकांठच्या बेलापुरांत मुलें खेळत आहेत आणि एक चित्रकार जलरंग घेऊन बसला आहे, अशी कल्पना करा. पहिला प्रश्न त्याला असा पडेल कीं, मुलांच्या अंगावर कपडे आजचे दाखवावे, कीं आजोबांच्या लहानपणचे?

इंग्लंडांतील केट ग्रीनवे या चित्रकर्त्रीनें दुसरा मार्ग पत्करला. तिचा जन्म 1846 सालीं लंडनमध्यें झाला. वडील लाकडी ठोकळ्यांवर चित्रें कोरीत. आईचें मुलांच्या कपड्यांचें व लेसचें दुकान होतें. बालपणाचे कांहीं दिवस तिनें रोल्स्टन या खेड्यांत घालविले. 1868 सालीं तिचीं चित्रें प्रथम प्रदर्शनांत लागलीं. पुढें तिनें शुभेच्छापत्रें रंगविलीं.

तिच्या चित्रांतील मुली पायघोळ झगे व झालरीच्या टोप्या घालून फेर धरतात. हा वेष तिच्या काळचा नव्हे, 1800 च्या सुमाराचा. ती तो स्वतः शिवी, समोरच्या मुलांना घाली आणि मग चित्र काढी. मूल खरें, पण त्याचें जग शिवलेलें! खेळून मळलेला एकहि गुडघा तेथें दिसावयाचा नाहीं. त्याच काळांत तिकडे गिरण्यांतून मुलें राबत होतीं, आणि शाळेची सक्ती इंग्लंडभर झाली ती 1880 सालीं. हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या फिकट गुलाबी रंगांचें मोल कमी होत नाहीं. तीं चित्रें मोठ्या माणसांची हुरहुर आहेत, एवढेंच कळतें.

1879 सालीं तिचें ‘अंडर द विंडो’ निघालें. मुद्रक एडमंड एव्हन्स यानें प्रत्येक रंगाला निराळा ठोकळा वापरून एकदम 20,000 प्रती छापल्या. लोक हंसले, प्रती मात्र हां हां म्हणतां संपल्या. पुढें तर खऱ्या आयाच मुलांना चित्रांतल्यासारखे झगे शिवूं लागल्या. पायघोळ झग्यांखालीं पाय लपतात, म्हणून रस्किनसारखा चाहता टीकाकार तिला पाय नीट काढावयास सांगे, तें निराळेंच.

आपल्याकडे महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944) यांनी 1914 सालीं किंकेडसाहेबांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ला चित्रें काढलीं. कहाण्या आटपाट नगरच्या. पण चित्रांतील नेसणें मात्र चित्रकाराच्या पाहण्यांतलें, नऊवारी. मला तरी ही वाट अधिक धीट वाटते.