नानकटाईत तूप कोणते?

मैदा, रवा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन बेकरीच्या भट्टीसमोर रांग लावायची. आपला नंबर आला की काळ्या पत्र्याच्या ट्रेमध्ये नानकटाई मांडून घ्यायची आणि गरम डबे सांभाळत घरी यायचे. दिवाळीच्या तोंडावर आणि मे महिन्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातल्या अनेक गावांत हा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालला. भट्टीवाला फक्त भाजणावळ घ्यायचा, सामान घरचेच असायचे. आता घरोघरी छोटे ओव्हन आले आहेत. ज्यांच्याकडे नाहीत ते जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर पसरून किंवा कुकरची शिट्टी आणि रिंग काढून काम भागवतात. आजी पीठ मळते, मुले गोळे वळतात, वर पिस्त्याचा तुकडा कोणी लावायचा यावरून भांडणे होतात आणि संध्याकाळी शेजारच्या चार घरी डबे जातात. घरचे म्हणजे चांगले, हे या डब्याबरोबर गृहीतच धरलेले असते. ते कितपत खरे आहे, हे बरेचसे परातीत काय फेसले यावर ठरते.

नानकटाईचा जन्म सुरतेचा मानतात. तिथल्या डच बेकरीत काम शिकलेल्या पारशी बेकऱ्यांनी ती रूढ केली, असे सांगितले जाते. पदार्थ म्हटला तर अगदी साधा: पीठ, साखर, तूप, किंचित सोडा, वेलदोडा. पाणी नाही, अंडे नाही. यातली तुपाची जागा मात्र फार मोठी आहे. मैद्यातली प्रथिने पाण्याशी भेटली आणि मळली गेली की ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते. पोळी त्या जाळ्यामुळे ताणली जाते, पाव त्यामुळे फुगतो. नानकटाईला हे जाळे नको असते. तूप पिठाच्या कणांवर पातळ लेप चढवते, पाणी आत शिरू देत नाही, आणि जाळे अर्धवटच राहते. म्हणून दाताखाली ती भुरभुरते. करंजीच्या किंवा शंकरपाळ्यांच्या पिठात मोहन घालणारी प्रत्येक गृहिणी हे रसायनशास्त्र हाताने जाणते.

दुसरे काम हवेचे. तूप आणि पिठीसाखर परातीत तळहाताने फेसत राहिले की मिश्रण पांढरे आणि हलके होते, कारण साखरेच्या बारीक कणांबरोबर हवेचे बुडबुडे तुपात अडकतात. सोड्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड पुढे याच बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठे करतो. फेसणे पुरे झाले का, हे पाहायला मिश्रणाचा थेंब पाण्यात टाकून तो तरंगतो का बघण्याची जुनी रीत आहे. नुसत्या तुपावर ही परीक्षा घेण्यात अर्थ नाही, कारण तूप पाण्यापेक्षा हलकेच असते. ते न फेसताही तरंगेल. साखर मात्र पाण्यापेक्षा बरीच जड. तूप आणि साखर सारख्या वजनाने घेतली तर न फेसलेले मिश्रण बुडते आणि हवा भरल्यावर वर येते. परीक्षा खरी आहे, फक्त ती साखर घातल्यानंतर घ्यायची.

हवा धरून ठेवायला चरबी मऊ पण घट्ट हवी. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे पातळ तेल हे काम नीट करत नाही. त्यातली नानकटाई पसरते, तेलकट लागते. साजूक तूप उत्तम, पण महाग. स्वस्त आणि घट्ट चरबीची ही गरज विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका शोधाने भागवली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. भारतात १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. पुढे ते एका ब्रँडचे नाव न राहता सगळ्याच वनस्पती तुपाचे नाव झाले. रवाळ, पांढरे, महिनोन्महिने न खवटणारे आणि साजूक तुपापेक्षा कितीतरी स्वस्त. घरची नानकटाई, बेकरीची खारी, टोस्ट, मिठाई, सगळीकडे ते शिरले. त्या काळच्या गृहिणीला त्यात दोष दिसण्याचे काहीच कारण नव्हते. वनस्पतीपासून केलेले, म्हणजे उलट सात्त्विकच.

अडचण हायड्रोजन अर्धवट मिसळण्यात होती. या प्रक्रियेत मेदाम्लांच्या काही रेणूंची ठेवण बदलते आणि ट्रान्स फॅट तयार होते. हे रेणू सरळ असल्याने एकमेकांवर नीट रचले जातात. वनस्पती तुपाला घट्टपणा येतो तो काही अंशी त्यामुळेच. नेदरलँड्समधील रोनाल्ड मेन्सिंक आणि मार्टिन कातान यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना काही आठवडे ट्रान्स फॅटचे प्रमाण जास्त असलेला आहार दिला. रक्तातले एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढले आणि एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल घटले. संपृक्त चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, पण चांगले असे घटवत नाही. ट्रान्स फॅटने दोन्ही बाजूंनी नुकसान केले.

डेन्मार्कने २००३ मध्ये खाद्यतेल आणि चरबीत २ टक्क्यांची मर्यादा घातली. भारतात त्या वेळी मर्यादाच नव्हती. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २००९ मध्ये वनस्पती तुपाचे काही ब्रँड तपासले तेव्हा ट्रान्स फॅटचे प्रमाण डेन्मार्कच्या मर्यादेच्या ५ ते १२ पट निघाले. आपल्याकडे १० टक्क्यांची मर्यादा २०११ मध्ये आली, नंतर ती ५ टक्क्यांवर आणली गेली, जानेवारी २०२१ पासून ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली.

हे आकडे डब्यात मोजून पाहिले की त्यांचा अर्थ कळतो. समजा, पाव किलो पीठ, दीडशे ग्रॅम तूप आणि दीडशे ग्रॅम पिठीसाखर यांच्या तीस नानकटाया झाल्या. एकेकीत ५ ग्रॅम तूप आणि ५ ग्रॅम साखर आली. चहाबरोबर चार खाल्ल्या, आणि चार कशा जातात हे कळतही नाही, तर २० ग्रॅम तूप पोटात गेले. त्यात १० टक्के ट्रान्स फॅट असेल तर ते २ ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रोज २,००० कॅलरी घेणाऱ्या माणसाने दिवसभरात २.२ ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट खावे. म्हणजे एका चहात दिवसाचा कोटा जवळपास संपला; चिवडा, शेव, चकली अजून बाकीच. आजच्या २ टक्क्यांच्या मर्यादेत हाच आकडा ०.४ ग्रॅमवर येतो. कायद्याने लोकांच्या आरोग्यात फरक पडतो तो असा, कोणाला न दिसता.

मग आता डब्यावरचे नाव न बघता काहीही वापरावे का? तसे नाही. ट्रान्स फॅट कमी करताना घट्टपणासाठी पामतेलाच्या घट्ट भागाचा वापर वाढला आहे आणि त्यात संपृक्त चरबी भरपूर असते. पाकिटावर ‘ट्रान्स फॅट फ्री’ हे ठळक अक्षरांत असते. संपृक्त चरबीचा आकडा पाठीमागच्या तक्त्यात बारीक अक्षरांत शोधावा लागतो. तो शोधावा. सुटे, बिनलेबलाचे वनस्पती तूप किंवा बेकरीसाठीचे मार्गारीन मात्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

साजूक तुपालाही सध्या अमृताचा दर्जा मिळाला आहे, त्याचीही थोडी तपासणी हवी. त्यात निसर्गतः थोडे ट्रान्स फॅट असते, गाय-म्हशीच्या पोटातल्या जिवाणूंमुळे तयार झालेले. त्याची काळजी फारशी नाही. पण तुपाचा सुमारे साठ टक्के भाग संपृक्त चरबीचा असतो. वरच्या हिशेबातल्या चार नानकटायांत ती साधारण १२ ग्रॅम भरते. २,००० कॅलरींच्या आहारात दिवसभरासाठी सुचवलेली कमाल मर्यादा २२ ग्रॅमच्या आसपास आहे. एक-दोन खाणाऱ्याला घाबरण्याचे कारण नाही. ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे किंवा ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांना ‘अहो, साजूक तुपातल्या आहेत, घ्या’ असा आग्रह करणे बरे नाही.

पिठात बदल करायला नानकटाईत भरपूर वाव आहे आणि तो फारसा वापरला जात नाही. ग्लुटेनचे जाळे नको असल्यामुळे मैद्याचा हट्ट धरण्याची गरजच नाही. बेसन पूर्वीपासून घालतातच. निम्मा मैदा काढून कणीक किंवा नाचणीचे पीठ घातले तरी खुसखुशीतपणा टिकतो आणि तंतू वाढतात. साखर पाव हिश्शाने कमी केली तरी नानकटाई बिघडत नाही, फक्त थोडी कमी पसरते. पण नाचणीची नानकटाई म्हणजे औषध नव्हे. तूप आणि साखर तेवढीच असेल तर उष्मांकही जवळपास तेवढेच. साखरेऐवजी गूळ घातल्याने मधुमेही माणसाच्या रक्तातली साखर वाढायची थांबत नाही, हेही शेजारच्या काकांना डबा देताना लक्षात ठेवावे.

भाजताना एक चूक हमखास होते. ओव्हनमधून काढलेली नानकटाई मऊ लागते, म्हणून ती कच्ची समजून पुन्हा आत ढकलली जाते. ती मऊ असते कारण तूप वितळलेले असते. गार झाल्यावर ती आपोआप घट्ट होते. जास्त भाजली की रंग तपकिरी होतो, आणि प्रश्न फक्त चवीचा राहत नाही. पिठातले ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि काही प्रकारच्या शर्करा साधारण १२० अंशांच्या पुढे एकत्र आल्या की ॲक्रिलामाइड तयार होते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये ते तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत दाखवून दिले. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरले आहे. माणसांबाबतचा पुरावा अजून तितका पक्का नाही. तरी उपाय फुकटचा आहे. कडा फिकट सोनेरी झाल्या की ट्रे बाहेर काढावा.

मुले गोळे वळता वळता पीठ चाटतात. अंडे नाही, मग काय बिघडले, असे वाटते. पण मैदा हा कच्चा पदार्थ आहे. दळताना त्यातले जंतू मरत नाहीत. अमेरिकेत २०१६ मध्ये ई. कोलायच्या संसर्गाची एक साथ मैद्यापर्यंत येऊन पोचली होती आणि आजारी पडलेल्यांपैकी काहींनी कच्चे पीठ खाल्ले होते. चाटायचेच असेल तर पीठ घालण्याआधीचे तूप-साखर चाटू द्यावे.

मुलांना या कामात घ्यावे मात्र जरूर. स्वित्झर्लंडमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांवर केलेल्या एका प्रयोगात पालकांबरोबर जेवण बनवणाऱ्या मुलांनी सॅलड जास्त खाल्ले. त्याच प्रयोगात त्यांनी एकूण अन्नही जास्त खाल्ले, हे सांगायचे बहुतेक वेळा राहून जाते. स्वतः केलेले जास्त खाल्ले जाते. कोशिंबिरीच्या बाबतीत हे छान, नानकटाईच्या बाबतीत जरा विचार करायला लावणारे. त्यावर तोड आपल्या रिवाजातच आहे: केलेले वाटून टाकायचे.

वाटण्याचा आनंद शिकवावा लागतो, असा मोठ्यांचा समज असतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांहून लहान मुलांसमोर खाऊची वाटी आणि एक बाहुला ठेवला. मुलांचे चेहरे चित्रित करून नंतर त्यांवरचा आनंद मोजला. स्वतःला खाऊ मिळाला तेव्हापेक्षा बाहुल्याला दिला तेव्हा मुले जास्त खूश दिसली. त्यातही दुसऱ्याने हातात दिलेला खाऊ पुढे करण्यापेक्षा स्वतःच्या वाटीतला उचलून देताना चेहरे अधिक उजळले. अभ्यासात मुले मोजकीच होती, त्यामुळे त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण शेजारी डबा पोचवण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे देण्याची जी पद्धत आहे, तिला एवढा आधार पुरेसा आहे.

गोव्यातही नाताळात बोलिन्हास, म्हणजे रवा-नारळाची गोल बिस्किटे, आणि बाकीच्या गोडाधोडाची ताटे शेजारी जातात. शेजारी हिंदू असला तरी जातात. बोलिन्हासमध्ये अंडे असते आणि देणारे ते न विचारता सांगतात. ही सवय सगळ्यांनी उचलण्यासारखी आहे. काजू, शेंगदाणे, तीळ यांची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी एक घासही धोक्याचा ठरू शकतो. सीलिॲक आजार असलेल्याला ‘नाचणीची आहे’ एवढे सांगणे दिशाभूल करणारे ठरते, कारण त्यात निम्मा मैदा किंवा कणीक असू शकते. विकतच्या पाकिटावर ही माहिती छापणे कायद्याने बंधनकारक आहे. घरच्या डब्यावर काहीच नसते आणि घेणारा संकोचाने विचारत नाही. झाकणावर चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर चार ओळी पुरतात: पीठ कोणते, तूप कोणते, सुकामेवा कोणता, केल्याची तारीख. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरलेली नानकटाई दोन-तीन आठवडे सहज टिकते. गरम असताना भरली तर वाफ धरते आणि दोन दिवसांत मऊ पडते.

दिवाळीत एकाच घरी सात-आठ ठिकाणचा फराळ येतो, आणि रिकामा डबा परत पाठवायचा नाही म्हणून तेवढाच पुन्हा बाहेरही जातो. तीस नानकटायांचा डबा एका घरी देण्यापेक्षा सहा-सहाच्या पाच पुड्या पाच घरी दिल्या तर माणशी एक-दोनच वाट्याला येतात. पट्ट्या लिहायला मुलांना बसवावे. अक्षर वाचता येण्याजोगे असले म्हणजे झाले.