विश्लेषण : पाण्यावर उतरताना फ्लोटप्लेन का उलटते?

अलास्कातील केचिकनहून निघालेले ‘बीव्हर’ बनावटीचे छोटे फ्लोटप्लेन २० मे २०१९ रोजी मेटलाकॅटला बंदरात उतरताना उलटले. वैमानिक आणि एकमेव प्रवासी, दोघांचाही मृत्यू झाला. आठवड्यापूर्वीच, १३ मे रोजी, केचिकनजवळ दोन फ्लोटप्लेनची हवेत टक्कर होऊन सहा जण दगावले होते.

फ्लोटप्लेन म्हणजे काय?

या विमानाला चाकांऐवजी होडीच्या आकाराचे दोन पोकळ फ्लोट असतात. अलास्का, कॅनडा, मालदीवमध्ये धावपट्टी नसलेल्या अनेक ठिकाणी ते आपल्या एसटीसारखे वापरले जाते.

उतरणे अवघड का?

धावपट्टी हलत नाही, पाणी हलते. वारा मागून किंवा बाजूने जोरात आला, की एक फ्लोट पाण्यात रुतून विमान पलटी होऊ शकते. पाणी आरशासारखे शांत असले तरी धोका असतोच. वैमानिकाला उंचीचा अंदाज येत नाही. अशा वेळी इंजिनाचा जोर कायम ठेवून, मंद आणि एकसारख्या वेगाने खाली यायचे असते. काही विमानांना फ्लोटसोबत चाकेही असतात. ती वर घ्यायची राहिली आणि विमान पाण्यावर उतरले, तर ते कोलांटी खाते.

जीव कशामुळे जातो?

बऱ्याचदा धडकेने नव्हे, तर बुडून. विमान उलटते, पाणी आत शिरते, पट्ट्याने बांधलेल्या प्रवाशाला वर-खाली कळेनासे होते. कॅनडात २००९ मध्ये सॅटर्ना बेटाजवळ उड्डाणानंतर लगेच कोसळलेल्या फ्लोटप्लेनमधील आठपैकी सहा जण बुडाले. त्यानंतर तेथील तपास यंत्रणेने चटकन उघडणारी दारे आणि प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट असावे, अशी शिफारस केली.

भारताने काय लक्षात घ्यावे?

जुहू ते पवना धरण ही सी-प्लेन सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, पण टिकली नाही. साबरमती ते केवडिया सेवा ऑक्टोबर २०२०मध्ये सुरू होऊन पुढल्याच वर्षी थांबली. अशी सेवा पुन्हा सुरू झाली, तर वैमानिकाच्या सरावाइतकीच प्रवाशाला दिलेली माहितीही मोलाची ठरेल. जवळचे दार कोणते, हे बसतानाच पाहावे. विमान उलटले तर दाराची कडी हाती लागल्यावरच पट्टा सोडावा. लाइफ जॅकेट मात्र बाहेर पडल्यावरच फुगवावे. आत फुगवले, तर तेच प्रवाशाला वर ढकलून अडकवते.